कुर्लीचा नवा डोळा

पडद्यावर कासव दिसायला हवं होतं. दिसत होती नुसती खरखर. पांढरे, काळे, करडे ठिपके, कोणीतरी मूठभर वाळू फेकावी तसे.

"परत एकदा पाठव," मी माइकमध्ये म्हटलं.

"पाठवला," खालून कुर्लीचा आवाज आला. "फोटो तोच आहे. तिसऱ्यांदा पाठवला म्हणून बदलणार नाही."

कुर्ली म्हणजे आमचा रोबो. मालवणीत कुर्ली म्हणजे खेकडा, आणि ही दिसतेही तशीच: ताटाएवढी, आठ पायांची, एका चिमट्याला धारदार कात्री. ती समुद्राच्या तळाशी चालते आणि आवाजाच्या लहरींनी आमच्या होडीशी बोलते, कारण खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी लांब जातच नाहीत. तिला बोलायला आबांनी शिकवलं. तिरकस बोलायला कोणी शिकवलं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. त्यांनी जन्मभर पाण्याखालच्या कॅमेऱ्यांवर संशोधन केलं आणि आता ते मला आणि कुर्लीला सांभाळतात. होडी गजामामाची. मी निमिषा तारी, पण मला सगळे निमूच म्हणतात. तर त्या सकाळी आम्ही तिघं होडीत होतो, कुर्ली खाली होती, आणि कुर्लीच्या समोर मोगरी होती.

मोगरी ही माझ्या वयाची कासवी आहे. ज्या वर्षी मी जन्मले, त्याच वर्षी आमच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे धावणाऱ्या एका पिल्लाला आबांनी तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली होती. ते पिल्लू म्हणजे ही. बारा वर्षं ती कुठे कुठे फिरली ते आम्ही नकाशावर बघत आलो. मादी कासव अंडी घालायला आपल्या जन्माच्या किनाऱ्याकडे परत येतं, आणि या वर्षी मोगरी पहिल्यांदाच परत येत होती. मी चार दिवस शाळेत कोणाला दुसरं काही बोलूच दिलं नव्हतं.

आणि किनारा नजरेच्या टप्प्यात असताना ती थांबली. कासवाला माशासारखे कल्ले नसतात. हवा घ्यायला त्याला वर यावंच लागतं. मोगरी वर येत नव्हती.

कुर्लीने खाली जाऊन चाचपलं आणि सांगितलं, "जाळं आहे. जुनं, कोणाचं तरी हरवलेलं. कासव त्यात गुंतलं आहे. दोन जाड दोर माझ्या चिमट्याला लागतात, एक डावा, एक उजवा. पुढे ते कासवाच्या पाठीमागे जातात. तिथे माझा हात पोचत नाही."

गजामामा समुद्राचा माणूस. त्याला लगेच कळलं. "एक दोर बोयऱ्याचो, एक धोंड्याचो," तो म्हणाला. जाळं पाण्यात ताठ उभं राहावं म्हणून वर बोया (तरंगणारे हलके गोळे) बांधतात आणि खाली धोंडा बांधतात. धोंड्याचा दोर कापला, तर बोया सगळं जाळं मोगरीसकट वर उचलतील. पण चुकून बोयांचा दोर कापला, तर जाळं धोंड्याच्या बाजूला कोसळेल आणि मोगरी तळाशीच दबली जाईल.

म्हणजे कुठला दोर कापायचा हे बघितल्याशिवाय ठरणार नव्हतं. आणि बघायला होती वाळू.

"मी उडी मारतंय," मामा शर्ट काढत म्हणाला.

"जाळ्यात कासव अडाकता तसो माणूसय अडाकता," आबा म्हणाले. "हय बस." मामा बसला, पण शर्ट परत घातला नाही.

आबा माझ्याकडे वळले. मामाशी ते मालवणीत बोलतात, पण काही समजावून सांगायचं झालं की सरळ पुस्तकी मराठीत शिरतात. त्यावरून मी ओळखलं, की आता शिकवणी आहे.

"निमू, आपल्याला नेमकं काय मिळालंय ते आधी सांग."

"आबा, मोगरीला घाई आहे."

"म्हणूनच विचारतोय. घाईत चुकीचं बटण दहा वेळा दाबण्यापेक्षा एकदा नीट विचार केला तर काम लवकर होतं."

मग मी भराभर सांगितलं. कुर्लीचा जुना डोळा परवा खडकावर आपटून फुटला. नवा बसवला, पण त्याचं चित्र उघडून दाखवणारा प्रोग्रॅम अजून यायचा होता. तोवर तो डोळा कच्चं चित्र देत होता. कच्चं म्हणजे काय? तर आपण नेहमी बघतो त्या फोटोच्या फाईलमध्ये चित्राबरोबर माहितीही असते: रुंदी किती, उंची किती, रंग कसे मांडलेत. कच्च्या फाईलमध्ये तसलं काही नसतं. नुसते आकडे, एकामागून एक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्या आकड्यांच्या ओळी कुठे तोडायच्या, हे ज्याचं त्याने ठरवायचं. डोळ्याच्या खोक्यावर एवढंच छापलं होतं: आडवे सहाशे पिक्सेल (चित्राचे कण), वरून खाली चारशे ओळी, प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट. त्यावरून आबांनी आणि मी सकाळीच एक छोटा वाचक-प्रोग्रॅम लिहिला होता. तो वाळू दाखवत होता.

"दोन बाइट कशाला लागतात?" आबांनी विचारलं.

"एका बाइटात (संगणकाच्या स्मृतीच्या एका घरात) शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचाच आकडा मावतो. या डोळ्याला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हजारो छटा कळतात. म्हणून एका कणाला दोन घरं."

"बरोबर. एका घरात सुटे, आणि दुसऱ्यात दोनशे छप्पन्नचे गठ्ठे. आता सांग, आधी कुठलं घर येतं? सुट्यांचं की गठ्ठ्यांचं?"

आम्ही गृहीत धरलं होतं की आधी गठ्ठे. का धरलं होतं? कारण आपण आकडे लिहितो तेव्हा मोठं घर डावीकडे, आधी लिहितो.

"सत्तावीस म्हण," आबा म्हणाले.

"सत्तावीस."

"तोंडाने आधी काय आलं? सात. मग वीस. आणि कागदावर लिहिताना आधी दोन, मग सात. बोललेल्या क्रमाने कोणी आकडे मांडले तर सत्तावीसचे बहात्तर होतील. आकडे तेच, क्रम उलटा. यंत्रांमध्येही दोन्ही पद्धती आहेत. काही यंत्रं गठ्ठे आधी देतात, काही सुटे आधी देतात."

मी मनात करून बघितलं. एक गठ्ठा आणि चार सुटे म्हणजे दोनशे साठ. तेच उलटं वाचलं तर चार गठ्ठे आणि एक सुटा, म्हणजे एक हजार पंचवीस. एखाद्या गुळगुळीत कवचावर शेजारच्या दोन कणांत जेमतेम एक-दोन सुट्यांचा फरक असणार. पण सुट्यांना गठ्ठे समजून वाचलं, की त्या एका सुट्याच्या जागी दोनशे छप्पन्नची उडी पडणार. सगळीकडे अशा उड्या पडल्या तर वाळूच दिसणार की.

मी प्रोग्रॅममधला एकच शब्द बदलला. आधी सुटे, मग गठ्ठे.

खरखर गेली. मी जवळजवळ ओरडणार होते, पण ओरडण्यासारखं काही दिसेना. आता पडद्यावर मऊ करड्या छटा होत्या, आणि त्या सगळ्या आडव्या फरफटत गेलेल्या. वरपासून खालपर्यंत बारीक, जवळजवळ आडव्या काळ्या रेघा, किंचित उजवीकडे उतरत्या. त्यात कासव शोधायचं म्हणजे ताकात चंद्र शोधण्यातला प्रकार.

मामाने वाकून बघितलं. "ह्या कासव?"

"अजून नाही," मी म्हटलं.

मोगरीच्या चिपमधून तिच्या काळजाचे ठोके कुर्लीमार्फत आमच्या पाटीवर दिसत होते. (पाटी म्हणजे शाळेची काळी नव्हे, पडद्याची.) शांत झोपलेलं कासव बराच वेळ श्वास रोखून राहू शकतं, पण जाळ्यात धडपडलेल्या कासवाची हवा लवकर संपते. ठोके मंदावत होते. मला ते बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"कुर्ली, एकूण किती बाइट पाठवलेस?" आबांनी विचारलं.

"पाच लाख बारा हजार."

मी गुणाकार केला. सहाशे गुणिले चारशे, गुणिले दोन. चार लाख ऐंशी हजार. "आबा, बत्तीस हजार जास्त आहेत."

आबांचे डोळे चमकले. "म्हणजे प्रस्तावना असणार. पुष्कळ फायलींच्या आरंभी थोडी माहिती असते. चित्र त्याच्या नंतर सुरू होतं. आपण प्रस्तावनेलाच चित्र समजून वाचतोय, म्हणून सगळं पुढे ढकललं जातंय. पहिले बत्तीस हजार सोडून दे."

सोडले. पुन्हा त्याच रेघा, तशाच उतरत्या. चित्र थोडंसं वर सरकलं, बाकी ढिम्म.

आबा बोटांवर तोच हिशेब पुन्हा करू लागले. मामा उठून होडीच्या काठाला जाऊन उभा राहिला. आता आबा त्याला फार वेळ अडवणार नाहीत हे मला दिसत होतं, आणि मामा जाळ्यात गुंतला तर काय, हा विचार मला करायचाच नव्हता.

दुसरं काही सुचेना म्हणून मी एक काळी रेघ मोठी करून बघितली. अजून मोठी केली. अजून. आणि मग ती रेघ राहिलीच नाही. तो जिना होता. काळी पायरी, तिच्या टोकाशी एक ओळ खाली दुसरी काळी पायरी, तिच्या टोकाशी तिसरी. सगळ्या पायऱ्या अगदी एका मापाच्या.

"आबा, हे निसर्गातलं नाही. समुद्रात एवढं मोजूनमापून कोणी काही करत नाही."

"पायरी मोज," आबा एकदम पुढे सरकले.

मी कण मोजले. चाळीस. दुसरी पायरीही चाळीस. चाळीस कण म्हणजे ऐंशी बाइट. सगळे शून्य, म्हणून काळे. आणि जास्तीचे बत्तीस हजार? ते चारशे ओळींत वाटले तर प्रत्येक ओळीला किती आले? ऐंशी.

जास्तीचं सगळं एका जागी नव्हतंच. ते थोडं थोडं प्रत्येक ओळीच्या शेवटी होतं.

"आबा, ही रिकामी पानं आहेत," मी म्हणाले. "पंगतीतली."

आबांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग कपाळावर हात मारला.

हे नीट सांगायला हवं. आमच्या देवळात महाप्रसादाची पंगत बसते, तेव्हा माणसं बसवायचं काम आबांकडे असतं. लांबच लांब पट्ट्या अंथरलेल्या असतात, पुढ्यात केळीची पानं. आमच्याकडे पंगतीत रिकामं पान ठेवणं फार वाईट समजतात. कुठे जागा दिसली की आबा गरजतात, "सरकान बसा, मधी जागा ठेवू नकात." मागच्या ओळीतली माणसं उठवून ते पुढची ओळ भरतात. लहानपणापासून मी त्यांच्या मागे मागे फिरत तेच ओरडत आले आहे. त्यामुळे आम्ही दोघांनी मिळून प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा ओळीच्या शेवटी कोणी जागा मोकळी सोडेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही. सहाशे माणसं बसली की लगेच पुढच्या ओळीची माणसं सुरू, असं आम्ही धरून चाललो.

कॅमेऱ्याला कोणी 'सरका' म्हणून सांगितलेलं नव्हतं.

"त्याच्या स्मृतीत पट्ट्या अंथरलेल्या असतात," आबा भरभर बोलू लागले, आणि त्यांचा आवाज पंगतीतल्यासारखा चढला. "समज, एका पट्टीवर एकशे अठ्ठावीस बाइट बसतात. आपल्या ओळीत बाराशे बाइट. नऊ पट्ट्यांवर बसले किती?"

"एक हजार एकशे बावन्न. उरलेले बसायला दहावी पट्टी उलगडावी लागणार."

"आणि दहा पट्ट्यांवर जागा बाराशे ऐंशी बाइटांची. शेवटची ऐंशी घरं रिकामी. पण पुढची ओळ त्या रिकाम्या घरांत बसत नाही, ती नव्या पट्टीवर बसते. कारण प्रत्येक ओळ पट्टीच्या आरंभापासून सुरू झाली की यंत्राला ती भराभर उचलता येते. म्हणजे ओळीची रुंदी वेगळी आणि स्ट्राइड (एका ओळीच्या आरंभापासून पुढच्या ओळीच्या आरंभापर्यंतचं अंतर) वेगळा. रुंदी बाराशे बाइट, स्ट्राइड बाराशे ऐंशी. आपण दोन्ही एकच धरले."

"म्हणून आपली प्रत्येक ओळ चाळीस कणांनी पुढे सरकत गेली आणि त्या सरकण्याचा जिना झाला."

"लिही, लिही."

लिहायला असं काय होतं? आरंभी काही सोडायचं नाही. बाराशे वाच, ऐंशी ओलांड. बाराशे वाच, ऐंशी ओलांड. असं चारशे वेळा. घाईघाईत एकदा चुकीचा आकडा पडला आणि मी तो खोडला.

पडदा क्षणभर काळा झाला, आणि मग तिथे मोगरी होती.

खरी मोगरी. कवचाचे खवले, पुढचा एक पाय जाळ्यातून बाहेर आलेला, आणि डोळा. तो डोळा सरळ कुर्लीकडे, म्हणजे सरळ माझ्याकडे बघत होता. मला रडू आलं. मामा मागून येऊन कधी उभा राहिला ते मला कळलं नाही, पण त्याचा हात माझ्या डोक्यावर होता.

"उजवो," मामा म्हणाला. "उजवो दोर बघ, खाली धोंड्याक गेलो हा. डावो वर बोयऱ्यांका."

मलाही तेच दिसत होतं. मी माइक तोंडाशी नेला, तर आबांनी त्यावर हात ठेवला.

"चित्रातला उजवा की कुर्लीचा उजवा?"

"एकच की."

"कशावरून? काही कॅमेरे चित्र खालच्या ओळीपासून द्यायला लागतात, काही आरशासारखं उलटवून देतात. वर-खाली बरोबर आहे, वाळू खाली दिसतेय आणि उजेड वर. डावं-उजवं अजून तपासलेलं नाही. आतापर्यंत तीनदा गृहीत धरून फसलोय, निमू."

मला त्यांचा राग आला आणि ते बरोबर आहेत हेही कळलं. "कुर्ली, तुझा डावा पुढचा पाय डोळ्यासमोर धर आणि फोटो पाठव. लवकर."

फोटो आला. पाय डावीकडेच होता.

"उजवा दोर काप," मी म्हणाले.

"कापते," कुर्ली म्हणाली. मग तिच्या कात्रीचा कर्रकर्र आवाज स्पीकरमधून येत राहिला. जुना नायलॉनचा दोर, जाड आणि चिवट. आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. "तुटला," ती म्हणाली. "कासव वर जात आहे. मला एक लाथ बसली आहे. तक्रार नाही."

आम्ही तिघंही होडीच्या एकाच बाजूला धावलो आणि होडी इतकी कलली, की मामाने मला मागे खेचलं. आधी हिरव्या पाण्यात एक पांढरा ठिपका दिसला. मग दोन, तीन, बोयांची माळच्या माळ वर उसळली. मागोमाग जाळ्याचं गाठोडं, आणि त्यात ती. मामा कोयती दातात धरून पाण्यात उतरला. इथे उतरायला आबांनी मनाई केली नाही. त्याने एका हाताने मोगरीचं डोकं पाण्याबाहेर धरलं आणि दुसऱ्या हाताने जाळं कापायला लागला.

ती हलत नव्हती. पाटीवर शेवटचा ठोका कधी पडला होता ते मी बघितलं नाही. मी तिच्या नाकपुड्यांकडे बघत होते.

"घे गो, घे," मामा तिला म्हणत होता. "वायच घे."

आणि तिने श्वास घेतला. केवढा मोठा आवाज होता तो. सायकलच्या चाकातली हवा सोडल्यासारखा फुस्स असा आवाज झाला आणि मामाच्या तोंडावर पाणी उडालं. मग दुसरा श्वास. तिसरा. पाटीवर ठोके धावू लागले. आबा खाली बसले आणि चष्मा पुसायला लागले, आणि चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

जाळ्याचा शेवटचा फास कापल्यावरही मोगरी थोडा वेळ होडीजवळच तरंगत राहिली. नुसती श्वास घेत. नंतर तिने एक वल्हं मारलं, दुसरं मारलं आणि पाण्याखाली गेली. नकाशावर तिचा ठिपका कुठे जातो ते आम्ही बघत बसलो. तो किनाऱ्याकडे निघाला होता.

परत येताना मी आबांना विचारलं, "हा डोळा आणखी कोणी कोणी बसवला असेल?"

"पुष्कळ जणांनी. आणि असे कच्चे आकडे तर जिथून तिथून येतात. समुद्रातून येतात, आकाशातून येतात. उद्या एखाद्या दूरच्या चंद्रावरून येतील, आणि त्यांच्यासोबत सांगणारं कोणी नसेल."

"मग काय करायचं?"

"तेच विचारायचं. कण केवढा, त्याची घरं कुठल्या क्रमाने, ओळ कुठे संपते, पुढची कुठे सुरू होते. आणि आपण काय गृहीत धरलंय, हे स्वतःला विचारायचं. ते सगळ्यात अवघड."

मी होडीतच आमचा वाचक-प्रोग्रॅम नीट केला आणि किनाऱ्यावरच्या सगळ्या शाळांना पाठवून दिला, कुर्लीच्या एका वाक्यासकट: 'ओळीच्या शेवटी जागा असू शकते, घाबरू नये.'

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी वाळूत धावले. पाण्यापासून वर सुरूच्या झाडांपर्यंत कासवाच्या पायांचा माग आला होता, आणि तसाच दुसरा परत गेला होता. दोन्हींच्या मधे वाळू थोपटून सारखी केलेली. आबांनी गुडघ्यावर बसून हाताने चाचपलं आणि नुसती मान हलवली. अंडी होती.

मामाने बांबू आणले आणि आम्ही कुंपण घातलं. पिल्लं बाहेर यायला पावणेदोन महिने तरी लागतात. मला मुळीच धीर धरवत नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तरी या वेळी मी थांबणार आहे.